राखून ठेवलेली जोखीम

३० एप्रिल २०२४ च्या रात्री म्युनिकमध्ये बायर्न म्युनिक आणि रेआल माद्रिद यांच्यात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना सुरू होता. चोविसाव्या मिनिटाला चेंडू टोनी क्रूसच्या पायाशी आला. त्याने हात पुढे करून एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवले. चेंडू घ्यायला त्याच्याकडे येणारा व्हिनिसियस ज्युनियर जागच्या जागी वळला आणि त्या रिकाम्या जागेकडे सुटला. त्याला चिकटून वर आलेला बचावपटू किम मिन-जे चकला, क्रूसने जमिनीलगत पास सरकवला आणि व्हिनिसियसने गोल केला. पासमध्ये जोर नव्हता, पायाची करामतही नव्हती. चेंडू नेमका कधी सोडायचा, एवढेच काय ते त्यात होते. पुढे कित्येक दिवस त्या पासची चित्रफीत जगभर फिरत राहिली. गंमत अशी की ज्याचे हे कौतुक चालले होते, त्याला त्याच्याच देशात अनेक वर्षे ‘क्वेअरपास-टोनी’, म्हणजे ‘आडव्या पासवाला टोनी’, असे हिणवले जात होते. २०२१ मध्ये जर्मनी युरो स्पर्धेतून बाद झाल्यावर बायर्नचे माजी अध्यक्ष उली होनेस यांनी तर जाहीरच करून टाकले की आजच्या फुटबॉलमध्ये क्रूसला जागा नाही, त्याच्या आडव्या पासांचा जमाना संपला. त्यानंतर क्रूसने आणखी दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकली.

होनेस यांचा अंदाज चुकला, एवढे म्हणून विषय मिटवता येईल. पण ते स्वतः पश्चिम जर्मनीकडून विश्वचषक जिंकलेले खेळाडू. त्यांना फुटबॉल कळत नाही असे कोण म्हणेल? त्यांची चूक ही आपल्या सर्वांची चूक आहे. आडवा किंवा मागे दिलेला पास आपल्याला भित्रा वाटतो. पुढे जायची हिंमत नाही म्हणून चेंडू बाजूला ढकलला, असा त्याचा अर्थ आपण लावतो. माझे म्हणणे असे की क्रूसची सतरा वर्षांची कारकीर्द या समजुतीविरुद्धचा सर्वांत ठोस पुरावा आहे. जोखीम टाळणे वेगळे आणि जोखीम राखून ठेवणे वेगळे. क्रूस दुसरे काम करत असे. सामन्यातली बहुतेक मिनिटे तो आपल्या संघाला धोक्यात पडू देत नसे, जेणेकरून योग्य क्षण आला की संघ पूर्ण ताकदीने धोका पत्करू शकेल. आडवा पास ही त्या क्षणासाठी केलेली बचत होती.

ही बचत मैदानावर कशी होते ते नीट पाहिले पाहिजे. चेंडू डावीकडून उजवीकडे गेला की प्रतिस्पर्धी संघाची अख्खी बचावफळी आणि मधली फळी तिकडे सरकते. तो परत डावीकडे आला की पुन्हा उलटी धाव. हे विसाव्यांदा, तिसाव्यांदा घडते तेव्हा कुणीतरी एक जण अर्धे पाऊल उशिरा सरकतो आणि दोन खेळाडूंमध्ये फट पडते. क्रूसचे डोळे त्या फटीवर असत. शिवाय चेंडू असा फिरत असताना त्याच्या संघातले खेळाडू आपापल्या जागी पोहोचत. मग पुढचा पास फसला, तरी चेंडू परत मिळवायला माणसे जवळ असत आणि मागे दार सताड उघडे पडत नसे. माद्रिदमध्ये तो वारंवार डावीकडे, मध्यरक्षकांच्या नेहमीच्या जागेपेक्षा बराच मागे, बचावपटूंच्या रांगेत येऊन उभा राही. त्यामुळे डाव्या बाजूचा मार्सेलो मोकळेपणाने वर जाऊ शके. क्रूसला अडवायचे तर प्रतिस्पर्ध्याला आपली जागा सोडून इतक्या लांब यावे लागे, आणि तो आला की त्याच्या पाठीमागची जागा रिकामी होई. तिथून संपूर्ण मैदान नजरेसमोर ठेवून, दोन्ही पाय सारख्याच सफाईने वापरत, क्रूस कधी शेजारी चार मीटरवर तर कधी पार उजव्या कडेला चाळीस-पन्नास मीटरवर चेंडू देई. सामना कोणत्या लयीत चालायचा हे त्या कोपऱ्यातून ठरे.

त्याला दुसरे काही जमत नव्हते म्हणून तो हे करत होता, असे मात्र नाही. क्रूसचा जन्म ४ जानेवारी १९९० चा, ग्राइफ्सवाल्डचा. बर्लिनची भिंत पडून दोन महिनेही झाले नव्हते आणि पूर्व जर्मनी हा देश अजून नकाशावर होता. २०१४ च्या विश्वविजेत्या जर्मन संघात त्या देशात जन्मलेला तो एकटाच. आई बॅडमिंटनची राष्ट्रीय पातळीवरची खेळाडू, वडील फुटबॉल प्रशिक्षक. वडिलांना हान्झा रोस्टॉक क्लबात काम मिळाले तसे कुटुंब तिकडे गेले आणि २००६ मध्ये टोनीला बायर्नच्या युवा संघाने उचलले. २००७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी बायर्नच्या मुख्य संघातून कॉटबसविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि थोड्याच वेळात मिरोस्लाव्ह क्लोजेला दोन गोल करून देणारे पास त्याने दिले. तेव्हा तो आघाडीवीरांच्या अगदी मागे खेळणारा, गोलाजवळचा खेळाडू होता. बायर्नने त्याला उसना दिला तेव्हा लेव्हरकुसेनकडून २००९-१० च्या एका बुंडेसलिगा हंगामात त्याने ९ गोल केले. म्हणजे डोळ्यांत भरणारा खेळ त्याला येत होता. वय आणि अनुभव वाढत गेला तसा तो मैदानात मागे मागे सरकत गेला. गोलापासून दूर, पण खेळाच्या सूत्रांच्या जवळ. स्वतःची आकडेवारी घटवून संघाची पकड वाढवणारा हा प्रवास होता.

सरकला तरी धार बोथट झाली नव्हती, हे ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंतेमध्ये जगाने पाहिले. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने यजमान ब्राझीलला ७-१ असे चिरडले आणि त्यातले दोन गोल क्रूसने ६९ सेकंदांत केले. दुसरा गोल जास्त बोलका आहे. पहिला गोल खाऊन सावरू पाहणाऱ्या फर्नांडिन्योच्या पायातून त्याने स्वतः चेंडू काढून घेतला, सामी खेदिराबरोबर पासांची देवाणघेवाण केली आणि चेंडू जाळीत टाकला. समोरचा संघ बावचळला आहे, आता थांबायचे नाही, हे त्याने ओळखले होते. एरवी मिनिटामिनिटाला खेळ शांत करणारा माणूस त्या क्षणी खेळाचा वेग वाढवणारा सर्वांत पहिला होता. जोखीम राखून ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला त्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तरीही बाजाराने त्याची किंमत कशी लावली पाहा. त्या विश्वचषकानंतर रेआल माद्रिदने घेतलेल्या खेळाडूंत हे दोघे होते. एक क्रूस आणि दुसरा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा कोलंबियाचा हामेस रॉड्रिगेझ. त्या वेळी आलेल्या बातम्यांनुसार क्रूससाठी मोजलेली रक्कम अडीच कोटी युरोच्या आसपास होती. हामेससाठी त्याच्या सुमारे तिप्पट. क्रूसच्या बायर्नबरोबरच्या करारात एकच वर्ष उरले होते, पगाराच्या वाटाघाटी फिसकटल्या होत्या आणि म्हणून तो स्वस्तात मिळाला, हे खरेच. पण विश्वविजेत्या संघाच्या मधल्या फळीचा कणा असलेल्या चोवीस वर्षांच्या खेळाडूला हवा तसा करार द्यायला बायर्न तयार होत नाही, यातच मूल्यमापनाची गोम आहे. हामेस तीन वर्षांत माद्रिदच्या योजनेतून बाहेर पडून बायर्नकडे उसना गेला. क्रूस दहा वर्षे राहिला. आणि क्रूस गेल्यावर बायर्नने सुमारे दीड महिन्यातच कोणाला आणले? माद्रिदच्याच झाबी अलोन्सोला, म्हणजे त्याच घडणीच्या, बत्तीस वर्षांच्या मध्यरक्षकाला. किंमत लावताना जे दिसले नव्हते, ते गेल्यावर रिकामी जागा दिसताच कळले.

आता आक्षेपांकडे वळू, आणि सुरुवात माझ्या बाजूच्या एका दुबळ्या पुराव्यापासून करू. क्रूसचे चाहते पासांची टक्केवारी पुढे करतात. युरो २०२४ च्या सलामीला स्कॉटलंडविरुद्ध त्याने १०२ पास दिले आणि त्यांतले १०१ योग्य जागी पोहोचले, हा आकडा तेव्हा सगळीकडे झळकला. पण टीकाकार विचारतात, शेजारच्याला चार मीटरवर चेंडू दिला तर तो पोहोचणारच, त्यात कसले कौतुक? त्यांचा मुद्दा बरोबर आहे. अचूकतेची टक्केवारी एकटीने काहीच सिद्ध करत नाही. सोपे पास देत राहिले तर कोणाचीही टक्केवारी फुगते. पण मग तोच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावावा लागेल. पास आडवा गेला की पुढे गेला, याची मोजदादही एकटीने काही सांगत नाही. पास सहकाऱ्याच्या कोणत्या पायावर गेला, तो घेताना त्याला वळायला अर्धा सेकंद मिळाला की नाही, समोरच्या किती जणांना त्या पासामुळे धावावे लागले, हे पाहिल्याशिवाय आडव्या पासावरून भित्रेपणाचा निष्कर्ष काढणे म्हणजे १०१ हा आकडा पाहून टाळ्या वाजवण्याइतकेच उथळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्रूसला नेहमीच थोर सहकारी मिळाले, मग यश त्याचे कसे? शेजारी लुका मॉड्रिच, मागे कॅसेमिरो, पुढे ख्रिस्तियानो रोनाल्डो. अशा संघात कोणीही शोभून दिसेल. यात तथ्य आहे, आणि क्रूसच्या माद्रिदमधल्या पहिल्याच हंगामाने ते दाखवून दिले होते. २०१४-१५ मध्ये त्याला मधल्या फळीच्या तळाशी बहुतांशी एकट्याने उभे केले गेले. कॅसेमिरो तेव्हा पोर्तोकडे उसना होता आणि मॉड्रिच दुखापतीमुळे बरेच महिने बाहेर. संघाने हंगामाच्या पूर्वार्धात सलग २२ सामने जिंकले खरे, पण लीग, चॅम्पियन्स लीग आणि कोपा देल रे यांतले एकही विजेतेपद मिळाले नाही. क्रूस वेगवान नव्हता, धिप्पाड नव्हता, मागे धावत जाऊन चेंडू हिसकावणे हे त्याचे बलस्थान नव्हते. त्याला राखण करणारा कुणीतरी लागे. झिनेदिन झिदान यांनी कॅसेमिरोला कायमची जागा दिली आणि मग तो त्रिकोण जमला. २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग, आणि तिन्ही अंतिम सामन्यांत सुरुवातीपासून हे तिघे मैदानात. म्हणून क्रूस स्वयंपूर्ण होता, असा माझा दावा नाही. पण सहकाऱ्यांमुळे तो मोठा झाला असेल, तर सहकारी बदलल्यावर तो लहान व्हायला हवा होता. रोनाल्डो २०१८ मध्ये गेला, तरी २०२२ मध्ये चषक आला. त्यानंतर कॅसेमिरो मँचेस्टर युनायटेडला गेला, मॉड्रिच बराच काळ राखीव बाकावर बसू लागला, करीम बेन्झेमाही गेला. तरी २०२४ मध्ये पुन्हा चषक आला. त्या वर्षी वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात त्या जुन्या त्रिकुटातला एकटा क्रूस सुरुवातीच्या अकरा जणांत होता.

तो नसताना काय झाले, हाही पुरावा तपासण्यासारखा आहे. जुलै २०२१ मध्ये क्रूसने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. २०२२ च्या कतार विश्वचषकात जर्मनी जपानकडून हरली, स्पेनशी बरोबरीत सुटली आणि साखळीतच गारद झाली. २०२४ च्या युरोचे यजमानपद जर्मनीकडे होते, तेव्हा प्रशिक्षक युलियन नागेल्समान यांनी कोणत्या खेळाडूला गळ घालून परत बोलावले? चौतीस वर्षांच्या क्रूसला. क्लबचेही तसेच. त्याच्या निवृत्तीनंतर माद्रिदने किलियन एमबापेला घेतले, आघाडीची फळी आधीपेक्षा चमकदार झाली, आणि २०२४-२५ मध्ये लीग बार्सिलोनाकडे गेली, कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनानेच हरवले, चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलने दोन सामन्यांत मिळून ५-१ असे बाहेर काढले. मात्र इथे सावध राहायला हवे. त्याच हंगामात कार्वाहाल आणि मिलिताओ हे दोन प्रमुख बचावपटू गुडघ्याच्या दुखापतीने गमावले गेले होते. जर्मनीच्या बाबतीतही २०१८ मध्ये क्रूस असताना संघ साखळीतच बाद झाला होता, हे विसरून चालणार नाही. एका खेळाडूच्या येण्या-जाण्याने सगळे ठरते असा हिशेब फुटबॉलमध्ये मांडता येत नाही. पण तो गेला की संघाला चेंडू शांतपणे पुढे नेता येत नाही, ही तक्रार क्लब आणि देश या दोन्ही ठिकाणी ऐकू यावी, याला निव्वळ योगायोग म्हणणेही कठीण आहे.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र टीकाकार फारसा घेतच नाहीत, म्हणून तो आपणच मांडू. २०२२ चे चॅम्पियन्स लीग विजेतेपद माद्रिदने तीन अचाट पुनरागमनांच्या बळावर मिळवले. पॅरिस सेंट-जर्मेन, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी या तिन्ही संघांविरुद्ध घरच्या मैदानावरच्या सामन्यात माद्रिद बाहेर पडायच्या बेतात होता. आणि या तिन्ही सामन्यांत, संघ अडचणीत असताना, प्रशिक्षक कार्लो अँचेलॉटी यांनी क्रूसला बाहेर बोलावले. दोनदा त्याच्या जागी एदुआर्दो कामाविंगा हा तरुण, दमदार मध्यरक्षक आला. सिटीविरुद्ध त्याच्या जागी आलेल्या रॉड्रिगोने अखेरच्या क्षणी लागोपाठ दोन गोल करून चमत्कार घडवला. मग ज्या विजेतेपदाचा दाखला होनेस यांच्याविरुद्ध दिला जातो, ते क्रूस बाहेर गेल्यावर मिळाले असे म्हणायचे का? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. सामना हातातून निसटला, राखायला काही उरलेच नाही, तेव्हा बेभान धावणारी ताजी माणसे लागतात. क्रूस अशा वेळचा खेळाडू नव्हता. पण यातून माझा मुद्दा खोडला जाण्याऐवजी त्याची हद्द स्पष्ट होते. बचत ही सुस्थितीत करायची गोष्ट आहे. घराला आग लागल्यावर बँकेचे पुस्तक कामाला येत नाही, म्हणून बचत करणे मूर्खपणाचे ठरत नाही. अँचेलॉटी यांनाही हा फरक ठाऊक असावा. कारण ज्याला तिन्ही वेळा बाहेर काढले, त्यालाच पॅरिसमधल्या अंतिम सामन्यात त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून खेळवले आणि शेवटपर्यंत मैदानात ठेवले.

क्रूसच्या चुकाही याच दृष्टीने पाहाव्यात. त्या थोड्या होत्या म्हणूनच लक्षात राहिल्या. २०१४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याने डोक्याने मागे ढकललेला चेंडू थेट अर्जेंटिनाच्या गोंझालो हिग्वाइनला मिळाला; समोर फक्त गोलरक्षक होता. हिग्वाइनचा फटका बाहेर गेला आणि जर्मनी वाचली. २०१८ मध्ये सोचीला स्वीडनविरुद्ध नशिबाने हात दिला नाही. क्रूसचा साधा पास चुकला, चेंडू हिरावला गेला आणि स्वीडनने गोल केला. पहिला सामना मेक्सिकोकडून हरलेल्या जर्मनीला विजय हवाच होता. मार्को रॉइसने बरोबरी साधली, पण जेरोम बोआटेंगला लाल कार्ड मिळून दहाच जण उरले. भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला डाव्या कडेला फ्री किक मिळाली. कोन इतका अरुंद की चेंडू गर्दीत उंच टाकणे हाच शहाणपणा ठरला असता. क्रूसने तो रॉइसकडे हलकेच सरकवला, रॉइसने थांबवून दिला आणि क्रूसने उजव्या पायाने चेंडू वळवत दूरच्या खांबाच्या आत घातला. ज्याच्या चुकीने संघ मागे पडला होता, त्याने पंच्याण्णवाव्या मिनिटाला सर्वांत धोक्याचा पर्याय निवडला. भित्र्या माणसाचे हे लक्षण नाही. चार दिवसांनी दक्षिण कोरियाने जर्मनीला स्पर्धेबाहेर काढले, तेव्हा हा गोल वाया गेला असे म्हटले गेले. निकालाच्या हिशेबात तो गेला असेल. खेळाडूच्या पारखेच्या हिशेबात तो कायमचा जमा आहे.

शेवटचा आक्षेप रसिकाचा आहे. हे सारे खरे असले तरी खेळ पाहायला कंटाळवाणा होतो, त्याचे काय? मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. या पराक्रमाकडे कुणी थक्क होऊन पाहते, कुणी जांभई देत. सामना अनिर्णित सुटला. नुसती बांधणी पुरेशी नसते, एका टोकाला कोंडलेल्या फलंदाजाचा बळी दुसऱ्या टोकाला कुणीतरी घ्यावा लागतो, हे या आकड्यांतून कोणाही क्रिकेटप्रेमीला कळते. क्रूसचे वेगळेपण असे की कोंडी करणारा आणि ती फोडणारा पास देणारा हा एकच माणूस होता. रसिकाच्या तक्रारीला दुसरेही एक उत्तर आहे. युरोपातले बरेचसे मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. बहुतेकांच्या वाट्याला सकाळी मोबाइलवर येतात ते दोन मिनिटांचे तुकडे, आणि त्या तुकड्यांत नव्वद मिनिटांची बचत दिसणे शक्यच नसते; दिसतो तो फक्त खर्च. कंटाळा खेळात आहे की आपल्या पाहण्यात, हे ठरवण्याआधी निदान एक सामना पूर्ण पाहायला हवा. अर्थात या बाबतीत खुद्द क्रूसही सोवळा नाही. निवृत्तीनंतर एका लोकप्रिय जर्मन स्ट्रीमरसोबत त्याने ‘आयकॉन लीग’ सुरू केली. बंदिस्त सभागृहात, छोट्या मैदानावर, मोजक्या खेळाडूंची, गोलांची बरसात व्हावी अशा बेताने आखलेली ही लीग. आडव्या पासाच्या कारागिराने झटपट करमणुकीचे दुकान थाटावे, यात विसंगती आहेच. लोक कशासाठी पैसे मोजतात, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते, एवढेच त्यावर म्हणता येईल.

स्वतःच्या कारकिर्दीच्या बाबतीत मात्र त्याने वेळ साधण्याचा नेम चुकू दिला नाही. राष्ट्रीय संघात तो परतला तो २३ मार्च २०२४ रोजी, लियॉनमध्ये फ्रान्सविरुद्ध. सुरुवातीची शिटी वाजताच चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो थेट पुढे पाठवला आणि फ्लोरियान विर्ट्झने दहा सेकंदही पूर्ण होण्याआधी गोल केला. जवळपास तीन वर्षांनंतरचा त्याचा पहिलाच पास आडवा नव्हता. मे महिन्यात त्याने जाहीर केले की युरोनंतर आपण थांबणार. तेव्हा तो युरोपातल्या सर्वांत यशस्वी क्लबचा पहिल्या पसंतीचा मध्यरक्षक होता. आणखी एखादा करार, वाळवंटातल्या एखाद्या क्लबचा अवाढव्य पगार, हे सारे शक्य होते. १ जूनला वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला त्याने कॉर्नर घेतला आणि तो उंचपुऱ्या बचावपटूंना वगळून संघातल्या सर्वांत बुटक्या खेळाडूंपैकी एक असलेल्या डॅनी कार्वाहालच्या डोक्यावर उतरला. गोल झाला, आणि सामनाही त्या दिशेने झुकला. क्रूसच्या गळ्यात सहावी चॅम्पियन्स लीग पडली. एक बायर्नची, पाच माद्रिदच्या. महिनाभराने श्टुटगार्टमध्ये स्पेनच्या मिकेल मेरिनोने अतिरिक्त वेळ संपता संपता गोल केला आणि ११४ व्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पराभवाने त्याचा प्रवास संपला. त्या सामन्यात तो त्याच्या स्वभावाला न शोभेल इतका आडदांड खेळला. सुरुवातीलाच पेद्री त्याच्या धक्क्याने जायबंदी होऊन बाहेर गेला आणि नंतर क्रूसने त्याची माफी मागितली. देवत्व बहाल करू पाहणाऱ्यांना हा शेवट आवडणार नाही. माणूस म्हणून पाहणाऱ्यांना त्यात खटकण्यासारखे काही नाही.

पण निरोपाचा खरा सामना त्याआधीच, २५ मे रोजी माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर झाला होता. समोर रेआल बेटिस, लीग आधीच जिंकलेली, पणाला काही लागलेले नाही. सामना ०-० असा सुटला. मोबाइलवर दाखवण्याजोगे त्यात फारसे काही घडले नाही. अखेरची काही मिनिटे उरली असताना क्रूसला बाहेर बोलावण्यात आले, तेव्हा मैदानालगत त्याची मुले रडत होती आणि अख्खे बर्नाबेऊ उभे राहून टाळ्या वाजवत होते. गोल न करणाऱ्याला शिट्ट्या घालण्यासाठी हेच प्रेक्षक जगभर बदनाम आहेत. दहा वर्षे त्याला पूर्ण नव्वद मिनिटे पाहिल्यावर आपण कशासाठी उभे आहोत, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.